अंगठ्याविना कोल्हापुरी

माझ्या पणजोबांनी केलेली कोल्हापुरी इतकी मऊ असायची, की दरबारातला एक सरदार ती घडी घालून कोटाच्या खिशात ठेवायचा. वडील ही गोष्ट अजून गिऱ्हाइकांना सांगतात. खरी किती, कोण जाणे. पण त्या चपलेत एकही खिळा नव्हता, सगळी शिवण चामड्याच्या वादीची होती, एवढं खरं. आमच्या घरात आजही तशीच होते. तळ आणि शिवण वडिलांची, पट्ट्यांवरची चामड्याची वेणी आईची.

मागच्या उन्हाळ्यात उचगावचे एक म्हातारे पैलवान आले. तरुणपणापासून आमचीच चप्पल घालणारे. या खेपेला मात्र पायात रबरी सँडल. त्यांनी उजवा पाय पुढं केला. साखरेच्या आजारात अंगठा काढावा लागला होता.

"नातीचं लगीन हाय म्हैन्यानं," ते म्हणाले. "मांडवात असलं रबर घालून जाऊ व्हय?"

वडिलांनी वाकून पाय निरखून बघितला. कोल्हापुरी पायात टिकते ती अंगठ्याच्या जोरावर.

"पैलवान, खोटं कशाला बोलू? हे जमायचं न्हाय."

पैलवान उठायला लागले, तेवढ्यात आई बाहेर आली. जन्मभर वेण्या घातल्या, पण गिऱ्हाइकाच्या पायाला तिनं कधी हात लावला नव्हता. माप घेणं वडिलांचं काम. ती सरळ खाली बसली आणि तो पाय मांडीवर घेतला.

"वहिनी, ऱ्हाऊ द्या," पैलवान ओशाळले.

"बसा की गप. हितं दाबल्यालं कळतंय?"

"न्हाय."

आईनं वडिलांकडं बघितलं. "ह्यास्नी लागल्यालं कळायचं न्हाय. आत शिवण टोचाय नको. पुढचा पट्टा रुंद करा. अंगठा न्हाय तर टाच धरंल, मागनं मी वेणीचा पट्टा घालते."

पहिली जोडी चार पावलांत निसटली. वडिलांनी ती उसवली. बँकेतल्या नोकरीवरून आल्यावर मी वाद्यांना तेल चोळायची आणि आई वेणी घालायची, एवढी बारीक की मला पेड मोजता येईनात. दुसरी जोडी घालून पैलवान आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. आल्याआल्या त्यांनी आईपुढं हात जोडले.

लग्नाला आम्ही तिघंही गेलो. पैलवान फेटा बांधून मांडवाच्या दारात पाहुण्यांचं स्वागत करत होते. कुणी चपलेकडं बघितलं की सांगायचे, "वहिनींनी केल्यात."

वडील शेजारीच उभे होते. चाळीस वर्षं आमच्या चपलेच्या तळावर त्यांच्याच नावाचा शिक्का उमटत आला होता. दुसऱ्या दिवशी ते बाजारात जाऊन आईच्या नावाचा शिक्का करायला टाकून आले. तो आल्यावर पहिल्याच जोडीवर दोन्ही नावं शेजारी शेजारी उमटवली आणि ती आईपुढं धरली.

आईनं आपल्या नावावरून बोट फिरवलं. "जरा वाकडा बसलाय," म्हणाली, आणि पदरानं तो तळ पुसत राहिली.