नाकमावशीची भिंत

राडारोड्याच्या कारखान्यात सगळे तिला नाकमावशी म्हणत. पाडलेल्या घरांचा राडारोडा पट्ट्यावरून सरकत यायचा, पुढे भरडला जायचा आणि त्याच्या नव्या विटा व्हायच्या. भरडण्याआधी त्यातलं नको ते वेचायचं, हे मावशीचं काम. लाकूड, चिंध्या आणि मुख्य म्हणजे छताच्या पीओपीचे पांढरे तुकडे. ते विटेत राहिले की ओल लागताच फुगतात आणि वीट फुटते.

पण लोक! घर पाडायला काढलं की त्या ढिगाला उकिरडाच समजायचे मेले. नासके बटाटे, केसांची गुंतवळं, बाळांची भरलेली डायपरं. "शी! यांच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये माणसानं," नाकाला पदर लावून मावशी दिवसभर करवादायची.

घरी ओट्यामागे भिंत घालायची ठरली, तेव्हा ती म्हणाली, आपल्या कारखान्याच्या विटा आणू. सून बिथरली.

"लोकांच्या संडासांच्या विटा? माझ्या शेगडीमागे? आई, मला घास जाणार नाही."

"अगं, माझ्या हाताखालून जाणार त्या. काही झालं तर खुशाल मला नावं ठेव."

नेमका त्या विटांचा माल पट्ट्यावर आला, त्या दिवशी त्यात मेलेली घूस निघाली, टम्म फुगलेली. मावशीला उमासा आला. तिनं तोंड फिरवलं, डोळे गच्च मिटले. पट्ट्यावरच्या शेजारणीनं फावड्यानं घूस उडवली, पण तोवर पांढरे तुकडे पुढे गेले ते गेलेच. मावशीला ते कळलं होतं. पण सुनेपुढे माघार कशी घ्यायची? विटा घरी आल्या, भिंत उभी राहिली.

मग भिंतीला ओट्याची ओल लागली आणि हिरव्या रंगाखाली फोड आले. एका सकाळी त्यातला एक फुटला आणि पांढरा लगदा थेट बाळाच्या दुधात पडला. सुनेनं दूध ओतून दिलं, शेगडी बाहेरच्या खोलीत नेली आणि ती सासूशी कामापुरतंच बोलू लागली. मावशीला स्वतःचीच किळस आली. मुलानं भिंत पाडली, गाडी बोलावली आणि राडारोडा देऊन टाकला.

पुढच्याच आठवड्यात पट्ट्यावर हिरव्या रंगाचे विटांचे तुकडे आले. त्यांच्यामागून नासके कांदे. डायपरं. नातवाचा चाक तुटलेला लाल ट्रक.

"आली बघ कुणाची तरी घाण!" शेजारीण म्हणाली. "काय एकेक माणसं तरी! होऊ दे तुझं करवादणं सुरू."

मावशीनं नाकावरचा पदर काढला. या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही. डायपर उचलून बाजूला टाकलं. मग एक पांढरा तुकडा वेचला, मग दुसरा.

"का गं, आज शिव्या नाहीत?"

"कुणाला देऊ? माझ्याच घरचं आहे ते," मावशी म्हणाली आणि तिनं पुढच्या डायपरला हात घातला.