डाव्या हाताचं बोट

माझी मावशी हातमोज्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर काम करते. शिवून आलेला मोजा उलटा असतो. तो सुलटा करायचा आणि टेबलावर ओळीने उभ्या असलेल्या लोखंडी पंज्यांवर चढवायचा. पंज्यांच्या पोटात वाफ खेळवलेली असते. मग एकेका बोटावरून हात फिरवत शिवण बसवायची, मोजा उतरवायचा, पुढचा चढवायचा. मी शेजारच्या पॅकिंगला आहे. नवीन होते तेव्हा त्या पंज्यांकडे पाठ करूनच डबा खायचे, कारण जमिनीत पुरलेली माणसं हात वर काढून काही मागताहेत असं वाटायचं. मावशी हसायची. म्हणायची, "मी रोज जितक्यांशी हात मिळवते, तितक्यांशी मंत्र्यानेही मिळवले नसतील."

तिला एकुलता एक मुलगा. डावखुरा, म्हणून घरादाराने त्याचं नावच डाव्या पाडलं. नवरा लवकर गेला, तिने एकटीने त्याला वाढवलं. कारखान्यातला कोंदट वास नको म्हणून तो सैन्यात गेला, आणि सैन्याने त्याला थेट ध्रुवाकडच्या बर्फावर नेऊन ठेवलं.

आमचा देश लष्करी युतीत सामील झाला, तेव्हाच सैनिकांच्या मोज्यांचं काम मिळून कारखान्याचं नशीब फळफळलं होतं. तिकडचा बर्फ वितळतोय, खाली तेल आहे, कसले कसले धातू आहेत, जहाजांना नवी वाट मिळतेय. पलीकडच्या देशांनीही आपली युती केली, आणि दोघांच्या चौक्या बर्फावर समोरासमोर उभ्या राहिल्या. टीव्हीवरचे तज्ज्ञ नकाशाच्या माथ्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर काठी फिरवत 'संभाव्य संघर्ष' असं म्हणतात, उद्या ढगाळ राहील म्हटल्यासारखं. मला त्या लोकांचा भयंकर राग येतो. आमच्याकडे त्यांचा संभाव्य संघर्ष कापडाच्या गठ्ठ्यांनी येत होता आणि खोक्यांनी जात होता.

सगळ्या मित्रदेशांच्या सैनिकांना मोज्याचा नमुना एकच. उजव्या मोज्यात अंगठा वेगळा, पहिलं बोट वेगळं, बाकीची तीन बोटं एका कप्प्यात. ते पहिलं बोट बंदुकीच्या चापासाठी. डाव्या मोज्यात मात्र अंगठा सोडून चारही बोटं एकत्र, कारण एकत्र राहिली की ऊब टिकते.

एकदा डाव्याने फोनवर सहज सांगितलं, "आई, गोळीबाराच्या सरावाला मला डावा मोजा काढावा लागतो. बोट पांढरंफटक पडतं. डॉक्टर डाफरतो." त्यापुढचं त्याने काही सांगितलं नाही.

मावशीचा तिळपापड झाला. "एवढे देश एकत्र आले, आणि एकाही बाईला डावखुरा मुलगा झाला नाही? या नमुना काढणाऱ्यांना आया आहेत की नाहीत?" दुसऱ्या दिवशी ती मुकादमापुढे उभी राहिली. मुकादम माणूस बरा. तो म्हणाला, "उरलेलं कापड न्या. मला काही दिसलेलं नाही." तिने नमुना पालथा घालून कापला. माप डाव्याच्या घरी राहिलेल्या जुन्या लोकरी मोज्यांवरून घेतलं. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला आतून दुहेरी अस्तर लावलं. शिवताना ती गुणगुणत होती. पार्सल मीच बांधलं.

पार्सल पोचल्यावर त्याचा फोन आला. स्वारी भलतीच खुशीत होती. "आई, मोजे एकदम झकास. आता मला पुढच्या चौकीवर घेतलंय."

"म्हणजे आधी कुठे होतास?"

"रेडिओच्या खोपटात. उघड्या बोटाचा माणूस बाहेर पहाऱ्याला नको, असं डॉक्टरने लिहूनच दिलं होतं. शेगडीपाशी बसून बसून कंटाळलो होतो गं."

मावशी फोन ठेवून खाली बसली. म्हणाली, "पोरगं शेगडीपाशी बसलं होतं. मी त्याला हाताला धरून बाहेर काढलं."

मी तिची समजूत घातली. तुला काय माहीत होतं, तिथे अजून काही झालेलं नाही, होणारही नाही. माझं मलाच ते तज्ज्ञांसारखं वाटलं. पुढच्या फोनवर तिने त्याला विनवलं, "मोजे हरवले म्हणून सांग. बर्फात काय, काहीही हरवतं." तो हसला. "आई, बरोबरच्या पोरांना काय तोंड दाखवू?"

मग तिचं काम बिघडलं. मोजे माझ्याकडे यायचे ते सगळे नीट, फक्त चापाचं बोट चुरगळलेलं. ती त्या बोटावरून हातच फिरवत नव्हती. मी गुपचूप ती बोटं सरळ करून खोक्यात भरायचे. शेवटी एकदा तिला विचारलंच. ती हळू आवाजात म्हणाली, "ते बोट वाकतं गं. मी हात लावला की वाकतं."

मी म्हटलं, वाफेने तसं दिसत असेल. पण जेवणाच्या सुट्टीत खातं रिकामं असताना मी त्या पंज्यांसमोर उभी राहिले. काही वाकलं नाही. तरी मला तिथे थांबवेना. आता मीही पुन्हा पाठ करूनच डबा खाते.

कॅन्टीनच्या टीव्हीवर ती बातमी दुपारी आली. तेलासाठी भोक पाडताहेत त्या जागेजवळ पलीकडच्यांची गस्त आली, गोळी सुटली, त्यांचा एक सैनिक मेला. आमच्या पुढच्या चौकीवरचे सगळे सुखरूप. दोन्ही युत्या म्हणत होत्या, सुरुवात समोरच्यांनी केली. मुकादम म्हणाला, "सुटलो, आपलं कुणी नाही." मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मावशीने विचारलं, "जो मेला, त्याच्या हातात मोजे कुठले होते?"

युतीच्या आधी आमचा माल पलीकडेही जायचा. टेबलाशी बसलेल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

संध्याकाळी डाव्याचा फोन आला. मी मावशीच्या स्वयंपाकघरातच होते. तिचे हात पिठाचे होते, म्हणून मी फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवला.

"आई, मी बरा आहे."

"जेवलास?"

"हो."

फोनमधून मागे वारा ऐकू येत होता. मावशी फोनवर वाकून उभी होती, पिठाचे हात अंगापासून लांब धरून. तिला काय विचारायचं होतं ते मला कळत होतं आणि तिने ते विचारू नये असंही वाटत होतं.

"आई," तो म्हणाला, "बोट अजिबात गारठलं नाही."

मावशीने डोळे मिटले. लहानपणी तो पडून आला की त्याच्याशी बोलायची, त्याच आवाजात म्हणाली, "बरं झालं, बाळा." त्याने फोन ठेवला. ती मात्र ओट्याशी तशीच उभी राहून तेच म्हणत राहिली, बरं झालं, बरं झालं, आणि तिला थांबवायचं कसं ते मला कळेना.