दरीतला पांढरा रस्ता
सीताफळ फोडलं की त्या वासासोबत मला अजून तो डोंगर आठवतो. लग्नानंतरचा पहिलाच दसरा होता आणि पावसाळा कोरडा गेला होता. डोंगरापलीकडच्या नदीवर गावाच्या पाणी सोसायटीचा पंप होता, त्यावर माझे यजमान कामाला. रोज भाकरी बांधून घेऊन डोंगर चढून जायचे. मला एकदा नदी दाखवा म्हणून मी लई मागं लागले, तेव्हा एका सकाळी त्यांनी मला सोबत घेतलं. चढणीला पळसाची वाळली पानं पायाखाली कुरकुरत होती, सीताफळं सुपारीएवढीच राहून झाडावर काळी पडली होती. माथ्यावर पोचलो तशी खाली सगळी दरी दिसली. रानाच्या मधून एक पांढरा पट्टा वळणं घेत गेला होता. "अवो, तो रस्ता कुठं जातो?" मी विचारलं. ते म्हणाले, "रस्ता न्हाई, नदी हाय ती. नुसती वाळू उरलीया. पंप कवाच बंद झाला." "मग तुमी रोज कुठं जाता?" त्यांनी शेजारच्या खडकाकडं बोट केलं. खडकाच्या सावलीत भाकरीचा चुरा पडला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. "हितंच बसतो. घरी काय सांगू?" आम्ही तिथंच भाकरीचं फडकं सोडलं आणि तसंच परत बांधलं. दिवाळी झाल्यावर ऊसतोडीच्या ट्रकात बसून आम्ही गाव सोडलं, आणि ट्रक पुलावर न जाता सरळ त्या वाळूतूनच गेला. तो रस्ता कुठं जातो ते मला तेव्हा कळलं. परत कसा येतो, ते एवढ्या वर्षांत कळलेलं नाही.