बॅनरवरची भावी डॉक्टर

मी खोटं बोललो नाही, फक्त मान हलवली, असं मी कितीतरी दिवस स्वतःला समजावत होतो. आता कबूल करतो. ते मान हलवणं खोटंच होतं. त्यातून पुढे गावच्या वेशीवर जो बॅनर उभा राहिला, त्याचा पहिला बांबू मीच रोवला होता.

माझी बायको नर्स आहे. कामतघर भागातल्या एका प्रसूतिगृहात तिची वीसेक वर्षं नोकरी झाली. आमच्या भागातली कितीतरी पोरं आधी तिच्या हातात आली आणि मग आईच्या. ती पोरं आता दाढी-मिशा ठेवून बाईक उडवत जातात, तरी ही त्यांना नावाने नाही, जन्माच्या वेळेवरून ओळखते. "हा पायाळू," म्हणते, "आणि तो मागे बसलेला, तो रडायलाच तयार नव्हता."

डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला आता वयाची वरची अट नाही, असं तिला कुठूनतरी कळलं. लग्नाआधी तिची बारावी सायन्स झालेली होती. आमच्या मुलीनेही त्याच वर्षी बारावी सायन्स दिली होती, पण तिला रक्त दिसलं की चक्कर येते. तिला हॉटेल मॅनेजमेंट करायचं होतं. त्यामुळे घरात पुस्तकं मुलीची आणि अभ्यास आईचा, असं सुरू झालं. मुलगी कांदा चिरायची आणि चिरता चिरता आईला प्रश्न विचारायची. बायोलॉजीत बायको थांबायची नाही. केमिस्ट्रीत अडखळायची. फिजिक्स आलं की भांडायला उठायची.

"ही कप्पी, ही दोरी, हे दोन्हीकडचे ठोकळे," ती मला पुस्तक दाखवून म्हणाली, "इतक्या वर्षांत एकाही बाळंतिणीला कप्पीवर टांगायची वेळ आली नाही माझ्यावर."

मी हसलो. तेव्हा मला ते लाडाचं खूळ वाटत होतं. मी काल्हेरला गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. तिथल्या पोरांना हे कळलं तर काय ऐकावं लागेल, ते मला पाठ होतं: 'भाभी डॉक्टर बनेगी तो आप क्या, कंपाउंडर?' म्हणून मी तिकडे चकार शब्द काढला नाही. गावातही काढला नाही.

परीक्षेच्या दिवशी मी तिला स्कूटरवरून सोडायला गेलो. गेटवरच्या रखवालदाराने तिला अडवलं. "ताई, पालकांनी दोरीच्या बाहेर थांबायचं."

तिने प्रवेशपत्र पुढे केलं. त्याने फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू हे सगळं मीच केलंय. आत धातूचं काही चालत नाही म्हणून तिने बांगड्या, कानातली आणि घड्याळ काढून माझ्या रुमालात बांधलं आणि सतरा-अठरा वर्षांच्या पोरींच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मी ती पुरचुंडी धरून उभा असताना मागून माझा पुतण्या आला. तो मित्राच्या बहिणीला सोडायला आला होता.

"काका, तुमी हितं? बारकी बसलीय काय परीक्षेला?"

बारकी म्हणजे माझी मुलगी. आणि मी मान हलवली. हातात बायकोच्या बांगड्या होत्या आणि मी मान हलवली.

निकाल लागला. बायको पात्र ठरली, पण जेमतेम. बायोलॉजीने वर काढलं होतं, फिजिक्सने पाय धरून खाली ओढलं होतं. आम्ही सायबर कॅफेत गेलो. तिथला तरुण रोज अशीच कामं करायचा. तिने त्याला विचारलं, "नर्सिंगचा अनुभव कुठे लिहायचा?"

त्याने इमानदारीत पान वर-खाली केलं. "अनुभवाला रकानाच नाही, मॅडम. मार्क, जात, जन्मतारीख. बास."

"इतक्या वर्षांचा आहे."

"कळतंय हो. पण ते छंदसुद्धा विचारत नाहीत."

एमबीबीएसचं नाव काढू नका, असं त्याने सरळ सांगितलं. मात्र आयुर्वेदाच्या शेवटच्या फेरीत जवळपासचं कॉलेज लागू शकेल, पसंतीच्या कॉलेजांची यादी सोमवारपर्यंत भरा, म्हणाला. बायको बाहेर आली ती हसतच. "आयुर्वेद तर आयुर्वेद," म्हणाली, "डॉक्टर तर डॉक्टर."

त्याच दिवशी पुतण्याचा फोन आला होता. "काका, पास काय?" मी म्हटलं, "पास." हे तरी खरंच होतं.

माझा पुतण्या गावच्या मंडळाचा कार्याध्यक्ष आहे आणि त्याचा जिवलग मित्र बॅनर छापतो. या दोन गोष्टी एकत्र आल्या की कुणाचा वाढदिवस, कुणाचा नवा डंपर, काहीही सुटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीवर भलामोठा बॅनर होता. 'गावाची शान, भावी डॉक्टर.' फोटो माझ्या मुलीचा. एका हळदीत डीजेपुढे नाचतानाचा, डोळ्यांवर गॉगल, गळ्यात वरून चिकटवलेला स्टेथोस्कोप. खाली शुभेच्छुकांचे चेहरे, आणि त्यात सगळ्यात मोठा पुतण्याचा, कानाला फोन लावलेला.

मुलीने बॅनर पाहिला आणि तिथल्या तिथे म्हणाली, "पप्पा, हा साधा फोन आता शोभत नाही मला." मी नवा घेऊन दिला. दुपारी माझी म्हातारी चुलती गुडघा घेऊन आली. मुलीने तो गुडघा बिघडलेल्या मिक्सरसारखा सगळ्या बाजूंनी न्याहाळला. आतून बायकोने ओरडून विचारलं, "सूज आहे का? गरम लागतोय का?" मुलीने हात लावून उत्तरं दिली, आईने आतून उपचार सांगितला, आणि चुलती जाताना मुलीच्या पाठीवरून हात फिरवून गेली. "बाय माजी हुशार हाय."

बायकोला आधी वाटलं, पुतण्याचा घोळ झालाय. तिने त्याला फोन केला. तो बिचारा म्हणाला, "काकी, काकांनीच तर सांगितलं."

तिने फोन ठेवला. भांडली असती तर बरं झालं असतं. "माझा फोटो तसाही चांगला येत नाही," एवढंच म्हणाली. कॉलेजांची यादी कधी भरायची, असं मी रात्रीच्या जेवणाला विचारलं, तर भात वाढता वाढता म्हणाली, "नाही भरणार. माझी परीक्षा सांगायची तुम्हाला लाज वाटते. मग रोज पुस्तकं घेऊन या घरातून बाहेर कशी पडू? मुलीचा गॉगल लावून?"

रविवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये विद्यार्थ्यांचा सत्कार होता. आम्ही तिघंही गेलो होतो. शाल, श्रीफळ, ट्रॉफी. यादी सोमवारपर्यंतच भरता येणार होती. पुतण्याने माईकवर माझ्या मुलीचं नाव पुकारलं. ती खुर्चीतून हलली नाही. नव्या फोनमधून डोकं वर काढून माझ्याकडे पाहत राहिली.

"पप्पा, मी नाही जाणार. तुम्हीच जा."

मी गेलो. शाल माझ्याच खांद्यावर पडली, कारण शाल धरून उभ्या असलेल्या माणसाला काही सुचेना. मी माईक घेतला.

"परीक्षा माझ्या मुलीने दिली नाही. तिच्या आईने दिली."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून माझ्याच गोडाऊनमध्ये कामाला असलेला एक पोरगा ओरडलाच, "मग साहेब, आता तुम्ही कंपाउंडर!" सगळे हसले. ज्या वाक्याला मी इतके दिवस भीत होतो ते बोलून झालं, आणि मला काहीसुद्धा झालं नाही. पुढच्या रांगेतून चुलती म्हणाली, "मंग सांगाला काय झालं हुतं तुला?" मी हात जोडले, समस्त ग्रामस्थांची, मंडळाची आणि व्यासपीठाची माफी मागितली. टाळ्याही पडल्या. ट्रॉफी घेतलेल्या एका पोराची आई उठून बायकोजवळ गेली आणि पोराला म्हणाली, "पाया पड. तुला पयलं हिनंच उचललेलं." मग दुसरी गेली, तिसरी गेली. बायको एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत होती. "हा सातव्या महिन्यातला," म्हणाली.

सगळं गोड झालं असं समजून मी खुशीत स्कूटर काढली. मुलगी मैत्रिणींबरोबर थांबली. बायको शाल आणि ट्रॉफी मांडीवर घेऊन मागे बसली.

"भाषण चांगलं झालं," नाका जवळ आल्यावर ती म्हणाली. "ग्रामस्थांची माफी मागितली. मंडळाची मागितली. व्यासपीठाची पण मागितली. व्यासपीठाला काय लागलं होतं?"

सोमवारी सकाळी आम्ही दोघं सायबर कॅफेत होतो आणि यादी भरली गेली, हे इथेच सांगून टाकतो. पण ती भरली गेली ती त्या रविवारी धामणकर नाक्यावर जे झालं त्यामुळे. मी गाडी थांबवली ती भर नाक्यात, शेअर रिक्षांच्या रांगेपुढे. मागून हॉर्न सुरू झाले. एक रिक्षावाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "चाचा, घर पे बात करना।"

"आधी गाडी बाजूला घ्या," बायको म्हणाली.

मी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं, उतरलो आणि तिच्यासमोर उभा राहिलो. माईक नव्हता, त्यामुळे शब्द पटकन सापडेनात.

"तुझी लाज नव्हती वाटली," मी म्हणालो. "लोक मला हसतील, याला घाबरलो. तुझ्या बांगड्या हातात धरून मी तुला नाकारलं. चुकलो मी. मला माफ कर."