दगडातल्या माशाचा जबडा

उज्ज्वलाने चिमटा काचेच्या ट्रेशेजारी ठेवून दिला. ट्रेच्या तळाशी माशाचे खवले सुटून पडले होते.

आंबेगावच्या पश्चिमेकडच्या भातखाचरांत वाढलेली ही पोरगी ओतूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायची आणि पीएच.डी. करायची. विषय लेपिडोटस: डायनोसॉरच्या काळातला, जाड चकचकीत खवल्यांचा, केव्हाच नामशेष झालेला मासा. जुन्या अभ्यासकांनी तशा खवल्यांचा कुठलाही मासा सापडला की याच नावाखाली ढकलला होता. त्यातले खरे कोणते, भलते कोणते, हे तिला निवडायचं होतं.

तिचे मार्गदर्शक भगवंत सर यांनी तरुणपणी गोदावरीच्या खोऱ्यातून चुनखडीची एक लादी आणली होती. त्यातला मासा लेपिडोटसच, असं ते म्हणत. उज्ज्वलाला शंका होती. खालचा जबडा कवटीच्या एकाच हाडावर टेकत असेल तर सरांचं बरोबर; दोन हाडांवर टेकत असेल तर मासा दुसऱ्याच कुळातला. पण तो सांधा दगडाखाली दडलेला. दगड सौम्य ॲसिडमध्ये विरघळवल्याशिवाय तो दिसणार नव्हता, आणि तशी दुसरी लादी कुणाकडेच नव्हती.

"कर," सर म्हणाले होते. "पण माझ्यासमोर नको. मला बघवणार नाही."

लादी ॲसिडमध्ये ठेवण्याआधी उघड्या हाडांवर तिने संरक्षक लेप दिला होता. त्याला कुठेतरी बारीक तडा जाऊन ॲसिड आत शिरलं असावं. तिने घाईघाईने लादी बाहेर काढली, तर शेपटीचा भाग भिजलेल्या बिस्किटासारखा बोटांत विरला. आता सरांना काय सांगायचं? कॉलेज ठेवेल का? तिने आईला फोन लावला.

"आये, माझ्या हातनं नासलं गं."

"समदं नासलं का थोडं?" लंकाबाईनं खाचरातनंच विचारलं.

"शेपटी गेली. डोकं हाय."

"मंग डोक्याकडं बघ की. रडायला लई येळ हाय."

तिने डोकं पाण्याने धुतलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. सांधा उघडा पडला होता. हाड एकच. तिने पुन्हा पाहिलं, दिवा सरकवून पाहिलं. एकच. म्हणजे तिची शंकाच खोटी होती, आणि त्या शंकेपायी शेपटी गेली होती.

जुन्नरच्या एसटीतून उतरलेले सर दुपारी दारात आले. खवले बेसिनमध्ये ओतून टाकावेत, असं क्षणभर तिच्या मनात आलं. तिने ट्रे त्यांच्यापुढे ठेवला.

"सर, शेपटी गेली. आणि तुमचंच बरोबर होतं."

सर स्टुलावर बसले.

"मी हे कधीच उघडलं नाही," ते म्हणाले. "दोन हाडं निघाली तर, म्हणून भ्यायचो."

सूक्ष्मदर्शकात न बघताच ते निघून गेले. आठवडाभर त्यांनी फोन उचलला नाही. उज्ज्वलाला अन्न गोड लागेना.

मग एका सकाळी त्यांचाच फोन आला.

"खवले जपून ठेवलेत ना? चिकटवायला कधी येऊ?"