परक्यांच्या खाणीवरची ड्यूटी

माझी शेवटची मोठी पोस्टिंग पूर्व काँगोत झाली. डोक्यावर शांतिसेनेचं निळं हेल्मेट आणि ताब्यात नदीकाठची एक पोस्ट. मी हवालदार, कोहमाऱ्याजवळच्या शेतकरी घरातला. माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक होमराज होता, नवेगाव बांधच्या तळ्यावर मासे धरणाऱ्या ढिवराचा मुलगा. बाकीच्यांशी आम्ही हिंदीत बोलायचो, एकमेकांशी आपल्या बोलीत.

नदीपलीकडे एक गाव आणि गावामागे खाण. बॅटरीला लागणारा धातू तिथं निघायचा. पहिल्याच ब्रीफिंगला कंपनी कमांडरनी सरळ सांगितलं, "दो बड़े मुल्कों को यह खान चाहिए. अपना आदमी कोई नहीं भेजेगा. एक ने सरकारी फौज को हथियार दिए, दूसरे ने बागियों को."

बाहेर आल्यावर होमराज म्हणाला, "म्हणजे भांडण त्यायचं, अन् मरून राहिले हे?"

"हो."

"अन् आपण?"

"आपण मधात उभं राहायचं."

सकाळी गस्तीचं पेट्रोलिंग, दुपारी वाळूच्या पिशव्या भरणं, अंधार पडताना स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्चावर सज्ज राहणं. बरेच महिने एवढंच चाललं.

मग एका सकाळी बागी खाणीवर उतरले. आमच्या काठावर, थोडं खाली, सरकारी फौज होती. तिनं पलीकडे फायर उघडला, तिकडून उत्तर आलं. गावातली बायका-मुलं एका डोंग्यात बसून आमच्या पोस्टकडे निघाली होती. मधोमध आल्यावर डोंगा वल्हवणारा गोळी लागून पाण्यात पडला. डोंगा वाहत दोन्ही फायरच्या रेषेकडे जाऊ लागला.

मी वायरलेस सेट उचलला. "नाव में औरतें-बच्चे हैं. निकालने की इजाज़त दीजिए, ओव्हर."

"रुको. फायर बंद करवा रहे हैं, ओव्हर."

फायर बंद झाला नाही. मी पुन्हा विचारलं. या वेळी "गो" आलं. तोवर होमराजनं बूट काढून कमरेला दोर बांधला होता.

"मी जाऊन राहिलो, भाऊ. दोर ढिला सोडजा."

तो पोहत गेला, दोर डोंग्याला बांधला आणि मागून ढकलू लागला. आम्ही काठावरून ओढला. सगळे उतरले. होमराज अजून पाण्यातच होता, तेव्हा त्याच्या मानेत गोळी लागली. हेलिकॉप्टर येईपर्यंत तो गेला होता. गोळी कोणत्या काठावरून आली, हे चौकशीत ठरलं नाही.

आमची टर्म संपायच्या आत त्या दोन मुल्कांनी खाण वाटून घेतली. दोघांचे ट्रक एकाच रस्त्यानं जाऊ लागले. त्या रस्त्यावर आम्ही पहारा दिला.

आता मी घरी धान पिकवतो. टीव्हीवर कोणत्या देशानं कुठं पाय रोवला याची चर्चा लागली की उठून बाहेर जातो.

परतल्यावर नवेगाव बांधला गेलो होतो. होमराजचे वडील जाळं विणत बसले होते.

"बाबू, माह्या पोराचं त्यायच्याशी काय वैर होतं?"

"काहीच नव्हतं, काका."

"मंग काऊन मारलं?"

मी खाणीचं सांगितलं, दोन मुल्कांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डोंग्यातले वाचले ना?"

"सगळे वाचले."

त्यांनी जाळ्याची पुढची गाठ मारली. मग म्हणाले, "पोहायले मीच शिकवलं होतं त्याले."