फुटलेला रस आणि वाटीभर तीळ

साठ साल होतं आणि माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नणंदेला बघायला देवबागहून माणसं येणार होती. मुलगा मुंबईला गोदीत, रजा संपत आलेली. होय की नाही ते आजच ठरायचं होतं. आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, त्यामुळे नणंद सकाळपासून कोणाशी बोलत नव्हती.

पाहुण्यांना शिरवाळ्या द्यायच्या होत्या: तांदळाच्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा दाट रस. शिरवाळ्या नणंदेने पाडल्या, रसही तिनेच काढला. माझ्याकडे फक्त तो सांभाळायचं काम. यावरून सासूबाईंचा माझ्या स्वयंपाकावर किती विश्वास होता ते कळेल.

ओहोटीमुळे पाहुण्यांची होडी खोळंबली. चैत्रातली दुपार. रस आंबेल या धास्तीने मी तो नवऱ्याने मुंबईहून आणलेल्या स्टोव्हवर चढवला. दूध तापवलं की टिकतं, मग रस का टिकू नये, हे माझं शास्त्र. वर पंपही जोरात मारला.

रस फुटला. वर तेलाचा तवंग, खाली गढूळ पाणी.

सासूबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "ह्यां काय केलंस गो?"

"तापवला."

"कित्याक? कोणाक आंघोळ घालूची होती?"

नवा रस काढायचा तर नारळ सोलायला हवेत, आणि सोलणारे सासरे पाहुण्यांना आणायला धक्क्यावर गेलेले. तेवढ्यात पाणंदीतून त्यांचाच आवाज आला.

सासूबाईंनी पातेलं गार पाण्यात ठेवलं, वाटीभर पांढरे तीळ पाट्यावर ओतले आणि मला वाटायला बसवलं. बाहेर अंगणात, खळ्यात, पाहुणे पाय धुवत होते. तीळ लोण्यासारखे झाले तसा मी तो गोळा उचलून पातेल्यात टाकायला निघाले. त्यांनी माझं मनगट धरलं.

"तीळ रसात नको. रस तिळात घाल. वायच वायच."

तिळात पळीभर रस, रवीने घुसळायचं, एकजीव झाला की पुढची पळी. दुसऱ्या पळीला तेल पुन्हा वर आलं. खाणं मागत बाहेरून सासरे ओरडले, "खाऊक हाडा गो!" सासूबाईंची रवी थांबली नाही. चौथ्या पळीला तेल दिसेनासं झालं. मग रस दाटत गेला.

नणंद वाट्या घेऊन बाहेर गेली. मी दाराआड. मुलाच्या आईने एक घोट घेतला आणि थांबली.

"रसाक तिळाचो वास येता. तू केलंस?"

नुसतं 'होय' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

"मी काढलंय," नणंद म्हणाली. "वयनीन फोडल्यान. आवशीन तीळ घालून सावरल्यान."

मला त्या पातेल्यात बुडून जावंसं वाटलं.

"आणि ह्यां माका सांगतंस?"

"तुमी इचारल्यात."

बाईंनी वाटीतला रस शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. मग त्यांनी वाटी पुढे केली. "वायच आणखी घाल. शेवयो नको, रस."

वैशाखात लग्न झालं. पंगतीला शिरवाळ्या होत्याच. रस काढायच्या वेळी मला मागच्या पडवीत फुलं निवडायला बसवलं होतं, आणि स्टोव्ह शेजाऱ्यांकडे नेऊन ठेवला होता.